खांबांचा हजेरीपट

ग्रीक देवळांविषयी मराठीत जे थोडेबहुत लिहिले जाते ते मी अनेक वर्षे वाचत आलो आहे. त्यात खांबांच्या तीन शैली असतात: डोरिक, आयोनिक आणि कोरिंथियन. प्रमाणबद्धता असते, संयम असतो, निळ्या आकाशाखाली उभा असलेला पांढराशुभ्र संगमरवर असतो आणि शेवटी मानवी प्रज्ञेच्या विजयाविषयी एक परिच्छेद असतो. हे सगळेच खोटे आहे असे मला म्हणायचे नाही. पण ते वाचताना दर वेळी मला एक प्रश्न पडतो आणि त्याचे उत्तर या लेखनात मिळत नाही. या कामाचे मस्टर कुठे आहे?

प्रश्न माझ्या धंद्यातला आहे. मी हयातभर बांधकामावर हजेरी कारकुनी केली. सकाळी नाव पुकारायचे, हजर असेल त्याच्यापुढे खूण करायची, आठवड्याअखेर अंगठे घ्यायचे. इमारत उभी राहिली की उद्घाटनाचा दगड बसतो आणि मस्टर फडक्यात बांधून रेकॉर्डमध्ये जाते. मी अथेन्सला गेलेलो नाही, हे आधीच कबूल करतो. ग्रीक देवळे मी छायाचित्रांतून, नकाशांतून आणि शिलालेखांच्या इंग्रजी भाषांतरांतून पाहिली. पण मस्टर वाचायला मी कुणाकडून शिकायला नको.

आणखी एक कारण आहे. माझा बाप दगड वाहणारा बिगारी होता. आमच्या गावच्या देवळाचा सभामंडप नव्याने बांधला तेव्हा खाणीपासून देवळापर्यंतचे दगड त्याने आणि वस्तीतल्या आणखी काही जणांनी वाहिले. प्रतिष्ठापनेच्या दिवशी आमची वस्ती पाराच्या खाली उभी होती. मी लहान होतो. बापाने मला खांद्यावर घेऊन लांबून दाखवले, “डाव्या अंगाचा तिसरा खांब दिसतो न्हवं? त्याचं बूड माझ्या खांद्यावरनं गेलंय.” मी विचारले, “बा, वर काय कोरलंय?” तो म्हणाला, “मला काय ठावं? मी दिला तवा दगूड कोराच हुता.”

कलासमीक्षा वाचताना हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. समीक्षक येतो तो दगड कोरून झाल्यावर. दगड कोरा असताना तो ज्यांच्या हातात होता, त्यांच्यापर्यंत तो पोचत नाही.

* * *

अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवरचे पार्थेनॉन हे या सगळ्या कौतुकाचे मुख्य ठिकाण. त्याचे काम इ.स.पू. ४४७ मध्ये सुरू झाले, इ.स.पू. ४३८ मध्ये आत अथेना देवीची हस्तिदंत आणि सोन्याची मूर्ती बसली आणि इ.स.पू. ४३२ पर्यंत शिल्पकाम पुरे झाले. इक्टिनस आणि कॅलिक्रेटस हे त्याचे वास्तुकार. मूर्ती फिडियसची आणि राजकीय इच्छा पेरिक्लीसची. समोर ८ आणि लांबीला १७ असे डोरिक खांब आहेत, प्रत्येकाची उंची साडेदहा मीटरच्या आसपास. दगड पेंटेलिकॉन डोंगरातून आणलेला, म्हणजे सोळा-सतरा किलोमीटरवरून.

या इमारतीत सरळ रेषा जवळजवळ नाही, हे तिचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य सांगितले जाते. ज्या चौथऱ्यावर खांब उभे आहेत तो सपाट नाही. लांब बाजूला मध्यभागी तो टोकांपेक्षा सुमारे ११ सेंटिमीटर वर उचललेला आहे. खांब किंचित आत झुकलेले आहेत, मधल्या उंचीवर किंचित फुगीर आहेत आणि कोपऱ्यातले खांब इतरांपेक्षा थोडे जाड आहेत. फ्रान्सिस पेनरोज या इंग्रज वास्तुकाराने ही मापे घेऊन १८५१ साली प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून ग्रीकांच्या डोळ्याचे आणि गणिताचे गोडवे गायले जात आहेत.

मी या वळणांकडे मस्टरच्या बाजूने पाहतो. चौथरा सपाट असता आणि खांब ओळंब्यात असते, तर एका मापाचे दगड शेकड्यांनी घडवून बसवता आले असते. चौथऱ्याला बाक दिला, खांबाला झोक दिला की जवळजवळ प्रत्येक दगडाचा कोन वेगळा होतो. मग दगड जागेवर आणून, घासून, पुन्हा उचलून, पुन्हा घासून बसवावा लागतो. खांब अखंड नाहीत. दहा-बारा गोल तुकडे एकावर एक रचून ते उभे केले आहेत. तुकड्यांच्या मध्ये लाकडी खुंटी आणि सांधा असा की तो डोळ्यांना सापडू नये. प्रत्येक खांबावर उभ्या २० पन्हळी आहेत. त्या खालून वरपर्यंत एका रेषेत यायच्या असतील तर खांब उभा राहिल्यावरच, परांचीवर बसून, टाकीने कोराव्या लागतात. एक चूक झाली तर बदलायला दुसरा तुकडा नसतो, कारण वरचे सगळे वजन त्याच्यावर बसलेले असते.

ही कामाची रीत डोळ्यांनी पाहायची असेल तर सिसिलीतल्या सेगेस्टाचे देऊळ पाहावे. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीस ते अर्धवट राहिले. ३६ खांब उभे आहेत, पण त्यांच्यावर पन्हळी नाहीत. पायऱ्यांच्या दगडांवर काम करताना ठेवलेले उंचवटे तसेच आहेत, ते तासून टाकायला कुणी आलेच नाही. प्रवासी त्या देवळाला ‘अपूर्ण’ म्हणतात. मला मात्र ते फार बोलके वाटते. पुरे झालेले देऊळ कामगाराला पुसून टाकते. तिथे तो राहून गेला आहे.

तेव्हा ज्याला ‘सूक्ष्म सौंदर्यदृष्टी’ म्हणतात तिचे भाषांतर मी असे करतो: कुशल हातांचे हजारो दिवस. दृष्टी इक्टिनसची असेल. दिवस कुणाचे होते?

* * *

इथे मला एक धक्का बसला. आपल्याकडच्या अनुभवावरून मी धरून चाललो होतो की मस्टर मिळणार नाही. पण अथेन्सने ते संगमरवरावर कोरून ठेवले होते.

पार्थेनॉनच्या हिशेबाचे तुकडे उरले आहेत, मात्र त्यात मुख्यतः खाती आहेत. पैसा कुठून आला, खाणीतल्या लोकांवर किती गेला, दगड वाहतुकीवर किती गेला, असा तो हिशेब आहे. माणसांची नावे सापडतात ती त्याच टेकडीवरच्या दुसऱ्या देवळाच्या, इरेक्थिऑनच्या, हिशेबात. युद्धामुळे अडलेले हे काम इ.स.पू. ४०९ मध्ये पुन्हा हाती घेण्यात आले. नागरिकांच्या एका समितीने आधी पाहणी केली, कोणता दगड बसला, कोणता जमिनीवर पडून आहे, कोणता घासायचा राहिला, हे एकेक लिहून काढले. मग पुढल्या दोनेक वर्षांचा खर्च नावानिशी कोरला. हिशेबाच्या नकला ज्यावर लिहिल्या त्या पपायरसच्या दोन तावांची किंमतही त्यात आहे: २ द्राख्मा ४ ओबोल. सहा ओबोलांचा एक द्राख्मा होतो. ज्याने कारकुनी केली आहे त्याला कागदाची किंमत हिशेबात पाहून किती बरे वाटते, ते इतरांना कळणार नाही.

या मस्टरने आधी एक सौंदर्यविषयक भ्रम मोडला. त्यात रंगाऱ्याची मजुरी आहे. कोरीव पट्टी रंगवण्याचा दर फुटाला ५ ओबोल. सोन्याच्या वर्खाचा खर्च आहे. म्हणजे ज्या पांढऱ्याशुभ्र संयमावर आपले लेखक भाळतात, तो संयम ग्रीकांचा नव्हेच. त्यांची देवळे लाल, निळ्या, सोनेरी रंगांनी नटलेली होती. पाऊसपाण्याने रंग गेला आणि उरलेल्या पांढऱ्या हाडांना पुढच्या लोकांनी अभिजात सौंदर्य म्हटले. मस्टर वाचले असते तर ही चूक झाली नसती.

आता माणसे. या हिशेबात ज्यांचा सामाजिक दर्जा ओळखता येतो अशा ८६ जणांची मोजदाद अभ्यासकांनी केली आहे. त्यांत २४ नागरिक, ४२ मेटिक आणि २० गुलाम. मेटिक म्हणजे अथेन्समध्ये राहणारा, कर देणारा, पण नागरिकत्वाचा हक्क नसलेला परका रहिवासी. म्हणजे ज्या नगराचे ते देऊळ, त्या नगराचे नागरिक कामावर तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. गुलामांत बहुतेक पाथरवट, थोडे सुतार. एका ठिकाणी खांबाच्या पन्हळी कोरणाऱ्या टोळीची नोंद आहे. टोळीचा म्होरक्या सिमियास हा मेटिक. त्याच्याबरोबर सॅनियन, एपिकेस, सोसँड्रोस. या तिघांच्या नावापुढे वडिलांचे नाव नाही, गाव नाही. फक्त ‘सिमियासचा’ एवढेच आहे.

दर मात्र सर्वांचा सारखा. रोजावर काम करणाऱ्याला दिवसाला एक द्राख्मा. नागरिक असो, मेटिक असो, गुलाम असो. वास्तुकारालासुद्धा दिवसाला एकच द्राख्मा.

हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो. समान काम, समान दाम, आणि तेही चोवीसशे वर्षांपूर्वी दगडावर! ग्रीक लोकशाहीचे पुष्कळ चाहते इथे थांबतात आणि टाळ्या वाजवतात. पण माझ्या हाताखालून मस्टरे गेली आहेत. मस्टरवर अंगठा एकाचा असतो आणि पैसा भलत्याच्या मुठीत जातो, हे मी जाणतो. बिगाऱ्यांचा पगार मुकादमाने परस्पर उचललेला मी पाहिला आहे. कागद त्याही वेळी निर्दोष होता. सॅनियनचा द्राख्मा कायद्याने सिमियासचा होता, कारण सॅनियनच सिमियासचा होता. सिमियासने त्यातून त्याला पोटापुरते दिले असेल, चार ओबोल साठवूही दिले असतील. पण तो त्याचा हक्क नव्हता, ती मालकाची मर्जी होती. शिलालेखातली समता नगराच्या तिजोरीपासून मालकाच्या हातापर्यंतची आहे. तिच्यापुढे ती संपते.

म्हणून या शिळेबद्दल माझ्या दोन भावना आहेत आणि त्यांतली एकही मी सोडायला तयार नाही. अथेन्सने गुलामाचे नाव नागरिकाच्या नावाखाली, त्याच अक्षरात, त्याच आकड्यासह कोरले, ही गोष्ट मोठी आहे. आणि त्या नावापुढचे षष्ठीचे रूप, ‘सिमियासचा’, हीच ती गुलामगिरी आहे.

* * *

आता आपल्या बाजूच्या लेखकांशी थोडे भांडायचे आहे. आपल्यापैकी काहींना एक सोपे वाक्य आवडते: जगातली सगळी देवळे गुलामांच्या पाठीवर चाबूक मारून बांधली गेली. टाळ्या मिळतात, पण अथेन्सपुरते ते खरे नाही. इथे मोठी कामे लहान लहान ठेक्यांत विभागलेली होती. नागरिक पाथरवट आणि गुलाम पाथरवट एकाच खांबांच्या रांगेत टाकी चालवीत होते. प्लुटार्कने पेरिक्लीसच्या चरित्रात या कामांवरच्या धंद्यांची यादीच दिली आहे. सुतार, लोहार, पाथरवट, रंगारी, हस्तिदंताचे कारागीर, दोर वळणारे, रस्ते करणारे, गाडीवान. पेरिक्लीसचा हेतू नगरातल्या गरिबांच्या हाताला काम देण्याचाही होता, असे तो सांगतो. आपल्या वेदनेच्या सोयीसाठी इतिहास वाकवला तर प्रस्थापितांत आणि आपल्यात फरक काय राहिला?

चाबूक होता, पण तो खांबापाशी नव्हता, दूर होता. लॉरिऑनच्या चांदीच्या खाणीत होता. अथेन्सच्या दक्षिणेच्या या खाणींतल्या अरुंद बोगद्यांत गुलाम सरपटत काम करीत. झेनोफन सांगतो की निकियास नावाच्या धनिकाने आपले एक हजार गुलाम खाणीसाठी भाड्याने दिले होते, दर माणशी रोज एक ओबोल भाड्याने. हा निकियास मोठा देवभक्त म्हणून प्रसिद्ध होता. दुसरा पैसा आला दोस्त नगरांच्या खंडणीतून. इराणविरोधी संघाचा खजिना डेलॉस बेटावर होता. इ.स.पू. ४५४ मध्ये तो अथेन्सला आणला गेला आणि खंडणीचा साठावा भाग अथेनाला वाहिला जाऊ लागला. प्लुटार्क म्हणतो की दोस्तांचा पैसा उधळून नगर नटव्या बाईसारखे सजवले जात आहे, अशी टीका खुद्द अथेन्सच्या सभेतच झाली. म्हणजे पार्थेनॉनचे पहिले टीकाकार आपण नव्हे.

गुलामांनी स्वतः काय म्हटले ते कुणी लिहून ठेवले नाही. त्यांनी काय केले ते थ्युसिडिडीसने लिहिले आहे. इ.स.पू. ४१३ मध्ये स्पार्टाच्या फौजेने डेकेलिया येथे तळ ठोकला, तेव्हा अथेन्सचे वीस हजारांहून जास्त गुलाम पळून गेले आणि त्यांतले बरेचसे कारागीर होते. पळायची संधी मिळताच ते पळाले. जे लोक ग्रीक गुलामगिरी सौम्य होती असे सांगतात, त्यांच्यासाठी एवढे पुरे आहे. आणि त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी इरेक्थिऑनच्या मस्टरवर सॅनियन आणि त्याचे सोबती हजर आहेत.

त्याच इरेक्थिऑनच्या दक्षिण अंगाला तो प्रसिद्ध मंडप आहे. खांबांऐवजी सहा स्त्रिया डोक्यावर छत पेलून उभ्या आहेत. पाहणीच्या शिलालेखात त्यांचा उल्लेख नुसता ‘मुली’ असा आहे. पुढे रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस याने एक कथा सांगितली: कार्याए नावाच्या नगराने इराणची बाजू घेतली, म्हणून ग्रीकांनी तिथले पुरुष मारले, बायका गुलाम केल्या आणि त्यांची शिक्षा कायम दिसावी म्हणून वास्तुकारांनी त्यांना खांबाच्या जागी उभे केले. ही कथा या मुलींना लागू पडत नाही, कारण इराणच्या स्वारीच्या आधीपासून डेल्फीला असे स्त्रीरूप खांब होते. पण वास्तुशास्त्राच्या थोर पंडिताला छत पेलणारी बाई पाहून गुलामगिरी आठवली, हे मला कथेपेक्षा महत्त्वाचे वाटते. आज त्या मुलींतल्या पाच जणी अथेन्सच्या संग्रहालयात आहेत. सहावी एल्गिनने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नेली, ती लंडनला आहे. मंडपात आता प्रतिकृती उभ्या आहेत.

* * *

मस्टरनंतर माझ्यासारख्याला सुचणारा प्रश्न म्हणजे, आत कोण जाऊ शकत होते?

इथेही आपला अनुभव जसाच्या तसा तिकडे नेऊन चालत नाही. ग्रीक देऊळ हे भक्तांच्या मेळाव्याचे ठिकाण नव्हते. ते देवतेच्या मूर्तीचे आणि तिच्या संपत्तीचे घर होते. वेदी बाहेर, बहुधा पूर्वेला, उघड्यावर असे. यज्ञ तिथे, गर्दी तिथे, जेवण तिथे. म्हणजे बाहेर उभे राहणे हा तिथे अपमान नव्हता. म्हणून तर सगळी शोभा बाहेरच्या अंगाला आहे: खांब, पट्ट्या, शिल्पे, सगळे बाहेरून पाहण्यासाठी.

तरी जन्मावरून अडवणे होतेच. हेरोडोटस एक प्रसंग सांगतो. इ.स.पू. ५०८ च्या सुमारास स्पार्टाचा राजा क्लिओमेनिस अक्रोपोलिसवर अथेनाच्या गाभाऱ्यात जाऊ लागला. पुजारीण आसनावरून उठली आणि म्हणाली की मागे फीर, डोरियन वंशाच्या माणसाला इथे प्रवेश नाही. राजाने उत्तर दिले की मी डोरियन नाही, अकियन आहे. राजालाही दारात उभे राहून जात सांगावी लागली! डेलॉस बेटावर एका पवित्र जागेच्या दारावर परक्याने आत येऊ नये असा लेख सापडला आहे. भाषा परकी आहे, पाटी ओळखीची आहे.

पण ग्रीसमध्येच याचे दुसरे टोकही आहे. अथेन्सजवळ एल्युसिस येथे डिमीटर देवीच्या गूढ दीक्षेचे सभागृह होते. सुमारे पन्नास मीटर चौरस, आत खांबांच्या रांगा, भिंतीलगत पायऱ्या. हे देऊळ मात्र माणसांनी आत बसण्यासाठी बांधलेले होते आणि तिथे गुलामाला दीक्षा घेता येत होती. ग्रीक भाषा समजणे आणि हातावर खून नसणे, एवढ्या अटी होत्या. इ.स.पू. ३२९ च्या तिथल्या हिशेबाची शिळा उपलब्ध आहे. कामावर १७ सरकारी गुलाम, त्यांच्या जेवणाला रोज माणशी तीन ओबोल. आणि त्याच हिशेबात सरकारी गुलामांना दीक्षा देण्याचा खर्च नगराने केल्याची नोंद आहे. पवित्र जागेत आत काम करायचे तर दीक्षा हवी, म्हणून हा खर्च, असा अभ्यासकांचा अर्थ. कारण व्यवहाराचे असेल. तरी माझ्या बापाच्या बाबतीत हा व्यवहारही कुणाला सुचला नाही. त्याच्या खांद्यावरचा दगड आत गेला आणि तो बाहेर राहिला.

बाबासाहेबांनी रोमन गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करून ठेवली आहे ती इथे आठवते. गुलाम मालमत्ता होता, म्हणून मालकाला त्याची निगा होती. तो शिकवला जाई, कारागीर होई, त्याच्या स्पर्शाचा विटाळ नव्हता आणि त्याला सुटण्याचा मार्ग होता. अस्पृश्याला यातले काहीच नव्हते. याचा अर्थ गुलामगिरी बरी होती असा कुणी काढू नये, बाबासाहेबांनीही तो काढलेला नाही. सॅनियनला विचारले असते तर तो डेकेलियाच्या वाटेकडे बोट दाखवता. पण सॅनियनने देवळाचा खांब शेवटपर्यंत आपल्या हाताने कोरला. आमच्या माणसांना दगड वाहण्यापुरते शुद्ध मानले गेले.

प्लुटार्कची आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पार्थेनॉनचे दगड ओढणारी खेचरे थकली की अथेन्सवाले त्यांना मोकळी चरायला सोडून देत. त्यांतले एक म्हातारे खेचर आपण होऊन परत आले आणि गाड्यांना जुंपलेल्या जनावरांच्या पुढे चालू लागले. लोकांना इतके कौतुक वाटले की त्याला मरेपर्यंत सरकारी खर्चाने चारा देण्याचा ठराव झाला. प्लुटार्कने ही गोष्ट मुद्दाम सांगितली आहे ती रोमच्या केटोला हिणवण्यासाठी. हा केटो म्हातारे झालेले गुलाम विकून टाकी. प्लुटार्कला जे दिसले ते पार्थेनॉनच्या हजारो भक्तांना दिसले नाही: खेचराला निवृत्तिवेतन मिळाले, दगड घडवणाऱ्या गुलामासाठी असा ठराव झाल्याचे कुणी सांगत नाही.

* * *

मला कुणी विचारले की ग्रीक पवित्र वास्तूंपैकी तुम्हांला सर्वांत सुंदर काय वाटते, तर मी पार्थेनॉन सांगणार नाही. मी डेल्फीची एक भिंत सांगेन.

डेल्फीला अपोलोचे देऊळ डोंगरउतारावर आहे. ते उभे राहावे म्हणून इ.स.पू. सहाव्या शतकात खाली एक लांब आधारभिंत बांधली. तिचे दगड चौकोनी नाहीत. प्रत्येकाच्या कडा वळणदार आहेत आणि शेजारच्या दगडाच्या वळणात त्या चपखल बसतात. देवळाचे खांब पडले, भिंत उभी आहे. या भिंतीवर इ.स.पू. २०० च्या सुमारापासून पुढे शेकडो लेख बारीक अक्षरांत कोरले गेले. ते गुलामांच्या मुक्तीचे दस्तऐवज आहेत. रीत अशी: मालक गुलामाला अपोलो देवाला विकतो. देव विकत घेतो, म्हणजे गुलाम सुटतो. किंमतीचे पैसे देवाचे नसतात, गुलामाने स्वतः जमवलेले असतात. गुलामाला कायद्याने करार करता येत नाही, म्हणून देव मध्ये उभा राहतो. लेखात गुलामाचे नाव, तो कुठला, किंमत किती, साक्षीदार कोण, हे सगळे असते.

या भिंतीचेही मी आंधळे कौतुक करणार नाही. पुष्कळ लेखांत अट आहे की मालक जिवंत असेपर्यंत सुटलेल्याने त्याच्याकडेच राहावे आणि सांगेल ते काम करावे. काही बायकांना तर सुटकेच्या बदल्यात मूल वाढवून द्यावे लागले. दगडावर कोरलेली ही मुक्ती पुष्कळदा उधारीची होती. तरी पण हे लेख कोरून घेणाऱ्या माणसांना एक गोष्ट पक्की कळली होती: तोंडी दिलेले स्वातंत्र्य मालक परत घेऊ शकतो, देवळाच्या भिंतीवरचे घेणे त्याला जड जाईल. त्यांनी शिल्प मागितले नाही. आपले नाव आणि हिशेब मागितला.

मित्रहो, सौंदर्याचे मला वावडे नाही. पार्थेनॉनच्या चौथऱ्याचा बाक मला थक्क करतो. पण ज्या समीक्षेला बाक दिसतो आणि तो बाक घासून काढणारा हात दिसत नाही, ती समीक्षा अर्ध्या डोळ्याची आहे. आणि ज्या समीक्षेला फक्त रक्त दिसते, बाक दिसत नाही, ती सॅनियनच्या कसबाचा अपमान करते. त्याच्याकडून त्याची मजुरी घेतली गेली. आता त्याची कारागिरीही आपण काढून घ्यायची काय?

गेल्या खेपेला गावी गेलो होतो. आता देवळात जाता येते. सभामंडपात डाव्या अंगाच्या तिसऱ्या खांबापाशी जाऊन उभा राहिलो. वर वेलबुट्टी कोरलेली आहे. बापाला ती कधी जवळून पाहता आली नाही. तळाशी, ऑइलपेंटच्या थराखाली, टाकीचे जुने घाव हाताला लागतात. दारापाशी संगमरवरी शिळा आहे. तिच्यावर देणगीदारांची नावे आणि रकमा आहेत. ती मी वरपासून खालपर्यंत सवयीने तपासली, मस्टर तपासावे तशी. दगड कुणी दिला ते आहे, दगड कुणी वाहिला ते नाही.

ज्यांना देवळांच्या सौंदर्यावर लिहायचे आहे त्यांनी जरूर लिहावे, मग ते देऊळ अथेन्सचे असो की आपल्या गावचे. फक्त लिहिण्याआधी मस्टर मागून घ्यावे.